इंजिनाची ॲल्युमिनियम कव्हरं: घरी हाताने घासावीत की बफिंगला द्यावीत?

किकमारू, पुणे (मूळ धागा)

नमस्कार मंडळी,

जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा डे आहे, म्हणजे जुन्या जावा-येझदीवाल्यांचा दिवस. त्याआधी माझ्या येझदी रोडकिंग मोटरसायकलच्या इंजिनाची कव्हरं मार्गी लावायची आहेत. उजवं कव्हर मी घरी हाताने केलंय, डावं अजून तसंच आहे. नाना पेठेत चौकशी केली तर जो तो सांगतो, 'बफिंगला (फिरत्या कापडी चाकावर चमकवायला) टाका, संध्याकाळी आरसा घेऊन जा.' इथे जुन्या गाड्यांवर हात चालवणारे बरेच आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी माझं मत सांगतो. ही गाडी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद झाला. आज इंजिनावर जे कव्हर आहे, त्याच्या तोडीचं दुसरं मिळेलच असं नाही. बाजारात नवी येतात, पण मी पाहिलेल्यांत ओतकाम जाडंभरडं आणि अक्षरं बोथट होती. पॉलिश करायचं म्हणजे वरचा धातू काढायचा. हाताने काढा नाहीतर मशीनवर, गेलेला धातू परत येत नाही. त्यामुळे चमक किती येईल याआधी मी धातू किती जाईल ते बघतो.

उजव्या कव्हरापासून सुरुवात करण्याचं कारण साधं आहे. त्या बाजूला डायनामो आणि पॉइंट असतात, तेल नसतं. डाव्या बाजूला क्लच, प्रायमरी चेन आणि किक-गिअरचा एकच दांडा, शिवाय ऑइल सील. तिथे पॅकिंगची बाजू (जी इंजिनाला टेकते ती) जरा जरी खराब झाली तरी गाडी उभी राहील तिथे तेलाचा डाग पडणार.

आता केलं कसं. स्क्रू काढताना साधा स्क्रू ड्रायव्हर घसरून डोकी खराब होतात, म्हणून हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरला. पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला, कारण सगळ्यांची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की केसिंगचे आटे जातात. मग डिझेलने आणि भांडी घासायच्या साबणाने कव्हर धुतलं.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. कव्हरावर जुना लॅकर (पारदर्शक रंगाचा थर) आहे की नाही ते बघायचं. पांढऱ्या सुती फडक्याला थोडं मेटल पॉलिश लावून एका कोपऱ्यात घासा. फडकं काळं झालं तर हाताखाली उघडा धातू आहे. पांढरंच राहिलं तर वर लॅकर आहे, आणि तो उतरवल्याशिवाय कितीही घासलं तरी उपयोग नाही. लॅकरसाठी पेंट रिमूव्हर आणि प्लॅस्टिकचा ब्रश. तारेचा ब्रश अजिबात नको. लोखंडी तारेचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथेच गंजाचे ठिपके येतात.

मग वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा कागद; नंबर जितका मोठा तितका बारीक. खोल चरे होते तिथे ३२० ने सुरुवात केली, मग ४००, ६००, ८००, १०००, १५००. पेपर काळा, पाण्याचाच घ्यायचा. बादलीत साबणाचे दोन थेंब टाकले की पेपर भरत नाही. सपाट भागासाठी जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापून त्याभोवती पेपर गुंडाळला. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रुंदीचे खोलगट पट्टे पडतात आणि ते चमक आल्यावर दिसतात. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची. ४०० उभा चालवला असेल तर ६०० आडवा. आडवं घासताना जोवर उभी रेघ दिसते तोवर पुढच्या नंबरला जायचं नाही. सगळा कस पहिल्या दोन पेपरांत लागतो, १००० नंतर हात आपोआप पुढे जातो. अक्षरांच्या आजूबाजूला बांबूच्या कामटीला पेपर गुंडाळून घासलं. शेवटी ऑटोसॉल (मेटल पॉलिशची पेस्ट) आणि जुन्या बनियनचं कापड.

आरसा झाला का? नाही. बफिंगचा जो पाण्यासारखा लखलखाट असतो तो हाताने येत नाही. पण कडा धारदार राहिल्या, अक्षरं जशीच्या तशी आहेत, आणि उन्हात धरलं की जुन्या फोटोतल्या गाडीसारखं दिसतं. मला तेच हवं होतं.

डाव्या कव्हराला मात्र किकच्या दांड्याखाली खोल ओरखडे आहेत आणि खालच्या कडेला दगडाचे टवके. तिथे हाताने घासत बसणं शहाणपणाचं आहे का, की तेवढं कव्हर कारागिराकडे द्यावं? दिलं तर काय सांगून द्यावं?

---

बफवाला, भोसरी

किकमारू भाऊ, फडक्याची युक्ती लिहिलीत ते उत्तम केलंत. आमच्या गाळ्यावर निम्मे लोक लॅकरसकट कव्हर आणतात.

मी हेच काम करतो, म्हणून आतून कसं चालतं ते सांगतो. मोटरच्या दोन्ही टोकांना बफ, म्हणजे घासायची चाकं असतात. चरे काढायला कापडी बफला सरस लावून त्यावर एमरी पावडर (घासायची कठीण पूड) चढवतो आणि वाळू देतो. तुमचा ३२० आणि ४०० जे काम करतो तेच हे बफ करतं, फक्त तुम्हाला दुपार लागते तिथे याला काही मिनिटं पुरतात. त्यानंतर सिसलचं (जाड दोऱ्याचं) बफ, मग शिवलेलं कापडी, आणि शेवटी मोकळ्या पदराचं मऊ बफ. प्रत्येकाला वेगळा साबण, म्हणजे चाकाला लावायची पॉलिशची वडी. ॲल्युमिनियमला आधी तपकिरी, शेवटी पांढरा. हिरवा साबण आम्ही स्टीलसाठी ठेवतो.

नुकसान होतं ते एमरीच्या बफवरच. ॲल्युमिनियम मऊ आहे. हात अर्धा सेकंद एका जागी थांबला तरी खोलगट होतं. स्क्रूच्या भोकांभोवती तर बफ आपोआप आत खेचलं जातं आणि भोकाचा काठ बशीसारखा होतो. अक्षरं उडतात तीही इथेच. त्यामुळे चांगला कारागीर ओळखायचा तर त्याने केलेल्या वस्तूच्या भोकांचे काठ आणि कडा बघा. चमक सगळ्यांचीच सारखी असते.

देताना काय सांगायचं ते विचारलंत. पहिलं, 'ॲल्युमिनियमचं बफ वेगळं आहे का' हे विचारा. स्टीलची भांडी किंवा लोखंड ज्या बफवर घासलं त्यावर ॲल्युमिनियम घातलं की बारीक काळपट रेघा येतात. भाईंदरच्या बाजूला स्टीलच्या भांड्यांचे गाळेच्या गाळे आहेत. तिथले कारागीर हाताने पक्के असतात, पण त्यांचं बफ तुमच्या कव्हरासाठी नाही. दुसरं, कव्हर सुटं देऊ नका. जाड प्लायवुडवर कव्हर पालथं ठेवून आकार काढा, तेवढा तुकडा कापा आणि जुने स्क्रू वापरून कव्हर त्यावर आवळून द्या. पॅकिंगची बाजू झाकली जाते, भोकं बुजतात आणि कारागिराला धरायला नीट पकड मिळते. ऑइल सील, बुश, सगळं आधी काढून घ्या. बफवर कव्हर एवढं तापतं की हातात धरवत नाही, रबर त्यात टिकत नाही.

तिसरं, 'अक्षरांच्या आसपास एमरी लावू नका' हे तोंडी न सांगता तिथे मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावून द्या. टेप पुसटली की कारागिराचं लक्ष जातं.

तुमच्या डाव्या कव्हराचे ओरखडे नखाला लागतात का? नख अडकत असेल तर एमरीचं काम आहे. अडकत नसेल तर तुम्हीच करा, माझ्याकडे आणू नका.

---

खाजणकाठ, मालवण

चमक आणायची कशी यावर सगळे बोलतात, ती टिकवायची कशी यावर कमी. आमच्याकडे समुद्र दाराशी आहे. उघडं पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम इथे एका पावसाळ्यात पांढऱ्या भुकटीने भरतं. कारण साधं आहे. ॲल्युमिनियमला हवा लागली की लगेच ऑक्साइडचा पातळ थर बसतो, आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. पण खाऱ्या हवेतलं मीठ तो थर जागोजाग फोडतं आणि तिथे बारीक खड्डे पडत जातात.

वर क्लिअर लॅकर मारून घ्या असं सांगणारे पुष्कळ भेटतात. इंजिनाच्या कव्हरावर मी ते करणार नाही. दगड लागून एक टवका उडाला की तिथून पाणी लॅकरच्या आत शिरतं आणि आतल्या आत केसासारख्या पांढऱ्या रेघा पसरत जातात. वरून काही करता येत नाही, सगळा लॅकर उतरवून पुन्हा पहिल्यापासून. उष्णतेने पिवळेपणा येतो तो वेगळाच.

उघडा धातू ठेवावा, गाडी भिजून आली की गोड्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि कार्नोबा मेण हलक्या हाताने लावावं. दर पावसाळ्यानंतर ऑटोसॉलचा एक हात. म्हणूनच किनाऱ्यावर राहणाऱ्याने हाताने घासायला शिकावंच. एकदा बफिंग करून आणलं तरी पुढची देखभाल हातानेच करायची आहे, आणि दर वर्षी बफला दिलं तर कव्हर कागदासारखं पातळ होईल.

---

उद्यमनगर, कोल्हापूर

किकमारूदादा, लई चांगला इषय काढलाय. आमचं आयुष्य गेलं शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणून ओतकामाच्या बाजूनं सांगतो.

सगळं ॲल्युमिनियम एकसारखं नसतंय. कव्हर उलटं करून आतली बाजू बघा. आत गुळगुळीत हाय आणि गोल-गोल नाण्याएवढे ठसे हायत, तर ते प्रेशर डायकास्टिंग. डायमधनं माल बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे ते ठसे. आत वाळूसारखं खरबरीत असेल तर सँड कास्टिंग. हे बघितल्याबिगर पेपरला हात घालायचा नाही.

का? डायकास्टिंगची वरची कातडी घट्ट असते. साचा थंड, वितळलेलं ॲल्युमिनियम दाबानं आत जातंय आणि साच्याला लागलेला थर पटकन गोठतोय. आतला गाभा मागनं गोठतो आणि त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. कातडी शाबूत हाय तवर माल झ्याक दिसतो. एमरीनं कातडी काढली की खालची भोकं उघडी पडतात, टाचणीच्या टोकाएवढी. लोकांना वाटतंय कारागिरानं खराब केलं. मग ती भोकं घालवायला आणखी घासतात, आणि खाली आणखी भोकं. ह्याला अंत नाही. तिथं थांबायचं.

सँड कास्टिंगला तसली कातडी नसते, पण वरचा खरबरीतपणा जाईपर्यंत बराच माल काढावा लागतो. तिथं हातानं बसलात तर खांदं उतरतील. तसलं काम बफवाल्यालाच द्या.

दुसरी गोष्ट सिलिकॉनची. डायकास्टिंगला आमच्याकडं जो एडीसी १२ नावाचा मिश्रधातू चालतो, त्यात ढोबळमानानं दहा-बारा टक्के सिलिकॉन असतंय. त्यानं माल साच्यात छान वाहतो, पण पॉलिशला किंचित करडी झाक येते. शुद्ध ॲल्युमिनियमच्या पातेल्यागत पांढरंशुभ्र होणार न्हाई, मग ते हातानं करा न्हाईतर मशीनवर. ॲनोडायझिंग करू म्हणणाऱ्यालाबी हेच सांगतो, सिलिकॉनमुळं कव्हर काळपट आणि डागाळलेलं निघतंय.

टवक्यांचं म्हणाल तर आर्गॉन वेल्डिंगनं भरता येतंय. पण जुन्या कव्हराच्या बारीक भोकांत वर्षानुवर्षाचं तेल मुरलेलं असतं. वेल्ड धरताच ते उकळून वर येतं आणि जागा काळी फसफसते. कव्हर आधी चांगलं धुऊन, तापवून तेल काढणारा वेल्डर असेल तरच द्या. आणि भरलेल्या जागेचा रंग पॉलिशनंतर थोडा वेगळा दिसणार हे आधीच धरून चला. बारीक टवके असतील तर मी म्हणतो असू द्यात. गाडी रस्त्यावर चाललेली हाय, ते दिसलं तर दिसू दे.

---

दुचाकीताई, नाशिक

माझ्याकडे आजोबांची बुलेट आहे, घरी मशीन काही नाही. तीन प्रश्न. एक, काळवंडलेलं कव्हर कॉस्टिक सोड्यात बुडवून स्वच्छ होतं असं एका गॅरेजमध्ये सांगितलं, ते खरं का? दोन, घरी तांब्या-पितळेला चिंच लावतात तशी ॲल्युमिनियमला चालेल का? तीन, ड्रिल मशीनला लावायचे छोटे बफ मिळतात, ते कामाचे आहेत का?

---

किकमारू, पुणे

ताई, कॉस्टिक सोड्याला हात लावू नका. तो मळ काढतो हे खरं, पण मळानंतर थेट ॲल्युमिनियमच खायला लागतो. कव्हर फसफसतं ते हायड्रोजनमुळे, आणि तो पेट घेणारा वायू आहे. बाहेर काढल्यावर कव्हर काळं-करडं आणि खरबरीत झालेलं असतं, आटे सैल होतात. चिंचेने तांब्यावरचा काळा थर विरघळतो. ॲल्युमिनियमवरचा डाग आणि चरा तसा विरघळत नाही, तो घासूनच जातो. चिंच स्वयंपाकघरातच राहू द्या.

ड्रिलचे छोटे बफ अक्षरांच्या बाजूला आणि किकच्या बुशभोवतीच्या खोबणीत उपयोगी पडतात. पण १००० चा पेपर झाल्यानंतरच. चरे काढायला ते वापरू नका, छोट्या चाकाने लाटा पडतात. आणि ड्रिल हातात धरून कव्हर मोकळं ठेवू नका. कव्हर शिकंज्यात धरा, जबड्यांना चामडं किंवा जुना टायर लावा.

---

थंप, अहिल्यानगर

ताई, बुलेट म्हणालात म्हणून थांबून लिहितोय. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट असेल तर डावं आणि उजवं कव्हर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

डावीकडची चेन केस बिनधास्त करा. बाहेरचं कव्हर मधल्या एकाच नटवर बसतं, काढायला सोपं. फक्त कडेला जिथे रबराचं सील बसतं ती खाच घासू नका. त्या एका नटवर सगळा दाब असल्यामुळे ही केस आधीच गळायला टपलेली असते.

उजवीकडचं टायमिंग कव्हर मात्र नुसतं झाकण नाही. ऑइल पंप त्याच्यात बसतात आणि बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) जाणारं तेल त्याच्या अंगातल्या वाटांनी फिरतं. बफिंगच्या साबणात चरबी आणि एमरीचे कण असतात. ते तापून त्या वाटांमध्ये जाऊन बसतात, थंड झाले की मेणासारखे घट्ट. वरून पुसलेलं कव्हर अगदी स्वच्छ दिसतं. इंजिन तापलं की ते वितळून थेट बिग एंडला जातात. जुन्या बुलेटमध्ये तिथे तरंगती बुश असते, मऊ धातूची. कण तिच्यात रुतून बसतात आणि क्रँकपिन खात राहतात. आमच्याच ओळखीतल्या एका गाडीचं असं झालं. गॅरेजने टायमिंग कव्हर बफ करून पुसून बसवलं, आणि थोड्याच दिवसांत बिग एंडचा ठोका सुरू झाला. इंजिन पूर्ण उतरवावं लागलं.

माझा सल्ला असा की टायमिंग कव्हर हातानेच करा, तेही पंप काढून, तेलाच्या सगळ्या वाटा आणि भोकं कापडाच्या बोळ्यांनी बुजवून. नंतर बोळे मोजून काढा. मग गरम पाणी, साबण, बाटली धुवायचा बारीक ब्रश, आणि शेवटी कॉम्प्रेसरची हवा प्रत्येक वाटेतून आरपार. दुसऱ्या टोकाला पांढरं फडकं धरा, त्यावर काळा ठिपका येतोय तोवर ते काम झालेलं नाही.

जुनं पॅकिंग खरवडतानाही हेच. खरखरीत नायलॉनच्या चकत्या ग्राइंडरला लावून पॅकिंगची बाजू साफ करायची पद्धत पडली आहे. त्या चकत्यांतला ॲल्युमिनियम ऑक्साइड तेलात जाऊन बेअरिंग खातो, म्हणून जनरल मोटर्सने आपल्या मेकॅनिकना त्या इंजिनावर वापरू नका असं लेखी कळवलेलं आहे. प्लॅस्टिकची पट्टी आणि धीर, एवढंच वापरा.

---

लखलखाट, सोलापूर

सगळ्यांचं वाचलं, पण माझं मत थोडं वेगळं आहे. मला आरसाच आवडतो. गाडी दारात उभी केली की इंजिनात रस्ता दिसला पाहिजे. कंपनीतून कशी आली होती याचा हिशेब संग्रहालयाने ठेवावा, मी माझी गाडी माझ्या आवडीने सजवणार. आणि प्रत्येकाकडे बादली घेऊन बसायला वेळ असतोच असं नाही. नोकरी, पोरांची शाळा, त्यात रविवार कितीसा उरतो? चांगला कारागीर पैसे घेतो ते मेहनतीचेच घेतो. त्याला दिलं म्हणजे गाडीवर प्रेम कमी, असा सूर वर एक-दोन ठिकाणी लागलाय, तो मला पटला नाही.

---

किकमारू, पुणे

लखलखाट, प्रेमाचा मुद्दा तुमचा शंभर टक्के बरोबर. कारागिराला द्यायला माझा विरोध नाही, डावं कव्हर मी देण्याच्याच विचारात आहे. आरसाही जरूर करा. फक्त जुन्या कव्हरावर करण्याआधी त्याचं डायकास्टिंग आहे का, जाडी किती उरली आहे आणि आधी कोणी बफ केलंय का, एवढं बघाच. अक्षरांच्या कडा गोल झालेल्या दिसल्या तर ते कव्हर एकदा बफवर जाऊन आलेलं आहे. तसल्या कव्हरावर पुन्हा एमरी नको. हौसेसाठी बाजारातलं नवं कव्हर घ्या, त्याचा आरसा करा आणि मूळचं कापडात गुंडाळून ठेवा.

---

डायशॉप, चाकण

सुरक्षिततेचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. यात ढिलाई नको.

बफिंग मशीनवर हातमोजे घालू नका. मोजा बफमध्ये गुंडाळला की बोटं सोबत जातात. लांब बाह्या, ओढणी, मंगळसूत्र, अंगठी, सगळं बाजूला. कव्हर नेहमी चाकाच्या मध्यरेषेच्या खाली धरायचं, आणि कड चाकाला सामोरी आणायची नाही. सामोरी कड बफने पकडली की कव्हर हातातून हिसकलं जातं आणि जमिनीवर किंवा तुमच्यावर आपटतं. डोळ्यांना चष्मा, तोंडाला नीट बसणारा मास्क. रुमाल बांधून भागत नाही.

धुळीचं जास्त महत्त्वाचं. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते. एकाच ग्राइंडरवर सकाळी लोखंड आणि दुपारी ॲल्युमिनियम असं काम चालतं, खाली धूळ साठलेली असते, वरून लोखंडाच्या ठिणग्या पडतात. आग लागली तर पाणी मारायचं नाही. पेटलेल्या ॲल्युमिनियमवर पाणी पडलं की हायड्रोजन तयार होतो आणि भडका उडतो. कोरडी वाळू हळूच पसरायची, फेकायची नाही, नाहीतर धूळ हवेत उडते.

घरी ओल्या पेपरने घासणाऱ्यांना धुळीचा हा धोका जवळपास नाही, हाताने करण्याचा हा मोठा फायदा मला वाटतो. फक्त बादलीच्या तळाशी जो करडा गाळ बसतो तो घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवू नका. ओल्या बारीक ॲल्युमिनियममधून हळूहळू वायू निघतो.

---

खाजणकाठ, मालवण

एक राहिलं. सिलिंडरच्या फिन्स पण चमकवाव्यात का? इथे एक जण हेडसकट सगळं पॉलिश करून फिरतोय. गाडी तापते का त्याने?

---

उद्यमनगर, कोल्हापूर

फिन्स सोडून द्या. चमकवलेलं ॲल्युमिनियम अंगातली उष्णता बाहेर फेकायला लई कंजूष. उष्णता फेकायचा काळ्या रंगाचा आकडा (एमिसिव्हिटी) ०.९ च्या आसपास धरला तर आरशासारख्या ॲल्युमिनियमचा ०.०५ च्या घरात येतोय. चालत्या गाडीत बरीचशी उष्णता वारा नेतो, म्हणून गाडी लगेच जाम व्हणार न्हाई. पण उन्हाळ्यात घाटात, ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात की वारा नसतोय. मग मुद्दाम तोटा कशाला? शिवाय फिन्सच्या मधनं हात जात न्हाई, बफ जात न्हाई, कडा मात्र पातळ व्हतात आणि मोडतात.

हेड-सिलिंडर पयल्यासारखं करायचं असेल तर पाण्यातनं काचेचे मणी मारायची सोय आता मोठ्या शहरांत झालीया. त्यानं ओतकामाचा मूळचा मऊ पांढरा पोत परत येतोय. पण प्रत्येक भोक बुजवून. वाळू मारणाऱ्याकडं अजिबात जाऊ नका, वाळूचे कण धातूत रुततात आणि पुढं इंजिनात सुटतात.

---

किकमारू, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डाव्या कव्हरावर नख फिरवून बघितलं. किकखालच्या ओरखड्यांपैकी दोनच नखाला लागतात, बाकी वरवरचे आहेत. आतून गोल ठसे आहेत, म्हणजे डायकास्टिंग. त्यामुळे सगळं कव्हर एमरीला द्यायचं नाही असं ठरवलं. ते दोन ओरखडे कारागिराकडून काढून घेणार आणि सगळीकडून ४०० पासून पुढे मी घासणार. खालचे टवके तसेच राहतील. सील काढलंय, प्लायवुडवर आकार काढून झालाय.

बफवाला, तुमच्याकडे एवढंसं काम घेऊन आलो तर चालेल ना? आणि प्लाय किती जाडीचा लागेल?

---

बफवाला, भोसरी

चालेल की. १२ मिलिमीटरचा घ्या, पातळ असेल तर दाबाला वाकतो. आणि जे दोन ओरखडे काढायचे तेवढीच जागा मार्करने घेरून आणा. एमरी त्याच्या बाहेर जाणार नाही. शनिवारी सकाळी बफ नव्याने चढवतो, तेव्हा या.